पाठीवरचा पंखा

५ नोव्हेंबर

आज गाडी गॅरेजबाहेर काढली, ती कायमचीच. यापुढे ती रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहील आणि आत माझं टेबल. मास्तर माझ्या कुठल्याच उपद्व्यापाला आडवे येत नाहीत, पण नवऱ्याचा जीव गाडीत किती अडकलेला असतो ते आज कळलं. शाळेत पोरांना चित्रकला शिकवून निवृत्त झालेला शांत माणूस, पण गाडीवर ताडपत्री अशी पांघरली की जणू तिला ताप आहे.

कारखान्याने उन्हाळ्यातच आमचा डिझाइन विभाग बंद केला. पंख्यांची ड्रॉइंग आता बाहेरून तयार येणार. मला खरेदी खात्यात बसवत होते. मी नको म्हटलं आणि घरी आले. तेव्हापासून मी फिरते आहे, पण वारा लागत नाही कुणाला.

मग गेल्या रविवारी मास्तरांचे धाकटे भाऊ आणि माझी जाऊ जेवायला आले. भाऊजी टेकडीवर पॅराग्लायडिंग शिकवतात. जेवताना म्हणाले, ज्यांच्याकडे टेकडी नाही ते पॅरामोटर वापरतात. डोक्यावर तसाच कापडी पंख, पाठीवर इंजिन आणि मोठा पंखा. सपाट मैदानात चार पावलं पळायचं आणि उडायचं. पण सगळी यंत्रं धिप्पाड पुरुषांच्या मापाची. तीस किलो पाठीवर घेऊन त्यांच्या विद्यार्थिनी पळणार कशा? गुडघ्यातच बसतात. “वहिनी, आयुष्यभर छताला पंखे टांगलेत,” ते म्हणाले, “आता एक पाठीला टांगा की.”

सगळे हसले. मी हसले नाही, कारण तोवर माझ्या डोक्यात पात्यांची लांबी सुरू झाली होती.

रिकाम्या टाकीसह अठरा किलो. त्याच्या वर ग्रॅम नाही. आणि पहिल्यांदा पळणार मी. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. छप्पन्नाव्या वर्षी अशी वाक्यं वहीत बरी दिसतात.

१३ नोव्हेंबर

पंख्याचा एक सरळ नियम आहे. लहान पातं जोरात फिरवण्यापेक्षा मोठं पातं सावकाश फिरवलं तर कमी ताकदीत जास्त वारा मिळतो. पण पातं मोठं केलं की त्याच्याभोवतीची संरक्षक रिंग मोठी, रिंग मोठी की वजन वाढलं, आणि शिवाय ती बुटक्या बाईच्या पोटऱ्यांना लागणार. दिवसभर हेच. सायंकाळी मास्तरांना दारात उभं करून त्यांच्या पाठीवर खडूने वर्तुळ काढलं. शेजारची बाई कपडे वाळत घालता घालता बघत राहिली.

जावेचं माप घेतलं. ती माझ्या खांद्याला लागते. टेकडीवरून ती भाऊजींपेक्षा छान उडते, असं भाऊजी स्वतःच सांगतात. ती मात्र यंत्राला नाक मुरडते. म्हणाली, “ताई, मला वर शांतता आवडते. तुम्ही पाठीला पिठाची गिरणी बांधणार.”

२८ नोव्हेंबर

रिंग झाली. वेल्डरने ॲल्युमिनियमच्या नळ्या तीनदा वाकवल्या आणि तीनदा मला ऐकवलं की त्याने याहून अवघड कामं केली आहेत. काय ते विचारलं तर विषय बदलला. पण जोड बारीक आणि स्वच्छ आहेत. रिंगचे चार तुकडे होतात आणि गाडीच्या डिकीत मावतात, त्यामुळे मास्तरांची गाडी पुन्हा सन्मानाने कामाला लागली.

लेकीचा फोन आला होता. ती हल्ली फार पुटपुटते. शेवटी म्हणाली, आई, फोन दुसऱ्या कानाला लाव बरं. लावला. तिकडची लाइनच खराब असणार, मध्येच सुधारली.

१५ डिसेंबर

इंजिन आज पहिल्यांदा चालू झालं. यंत्र खांबाला बांधलं होतं, तरी खांब आपल्यासोबत येतो की काय असं वाटलं. गॅरेजमधला सगळा भुसा शटरमधून रस्त्यावर गेला, सोबत मास्तरांची टोपीही. जोर हवा तेवढा आहे. वजन अठरा किलो आणि वर थोडं. ते थोडं मी काढीन.

आता खरा प्रश्न. पंखा एका बाजूला फिरतो म्हणजे यंत्राला उलट्या बाजूने पीळ बसतो. छताच्या पंख्याचा पीळ छत सोसतं. इथे छत नाही, माणूस आहे. आमचं पातं मागून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं, म्हणजे माणूस डावीकडे कलणार, आणि हवेत कललं की वळलंच. उपाय माहीत आहे. कापडी पंखाच्या दोऱ्या ज्या दोन कड्यांना अडकतात, त्या कड्या थोड्या डावीकडे बसवायच्या. इंजिन बंद असताना माणूस किंचित उजवीकडे कलून लटकेल, पीळ आला की सरळ होईल. किती डावीकडे, एवढंच शोधायचं. म्हणून कड्या सरकत्या पट्टीवर घेतल्या आहेत. नट सैल करा, सरकवा, घट्ट करा.

इंजिन बंद केल्यावरही त्याची शीळ कानात राहते. रात्रीपर्यंत जात नाही. पुढच्या वेळी कानात बोळे घालीन.

३ जानेवारी

भाऊजी आले. गॅरेजच्या तुळईला यंत्र टांगलं, त्यात ते बसले, मी गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ आडव्या दांडीवर ठेवली आणि इंजिनचा जोर वाढवणारा हातातला खटका दाबायला सांगितलं. बुडबुडा मधोमध येईपर्यंत कड्या सरकवल्या. बसल्या जागी हिशेब जुळला. मार्करने पट्टीवर खूण केली.

मग मैदानात. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हाच जायचं. मी चुन्याची सरळ रेघ मारली, ते कापडी पंख डोक्यावर घेऊन रेघेवरून पळाले, उडायचं नाही, नुसतं पळायचं. रेघेवरून हलले नाहीत. सगळ्यांनी थर्मासमधला चहा संपवला. मी मात्र खूश नाही. भाऊजींचे पाय म्हणजे खांब. पीळ त्यांना जाणवणारच नाही. खरी परीक्षा हलक्या माणसाची.

म्हणजे माझी. आज सांगून टाकलं. भाऊजींनी अट घातली की पळायचा सराव कितीही करा, पण पहिलं उड्डाण त्यांचं. मास्तर परतताना माझ्या डाव्या बाजूने चालत होते. हल्ली ते नेहमी त्याच बाजूला असतात, आणि मी त्यांना सारखी धडकते. रस्ता एवढा मोठा असून नवऱ्याला माझ्यालगतच चालायचं असतं.

१२ जानेवारी

आज मी पळाले. पाठीवर अठरा किलो, डोक्यावर हेल्मेट, समोर धुकं आणि चुन्याची रेघ. पंख वर आला तेव्हा मागून कुणीतरी खांद्यांना धरून अलगद उचलावं तसं झालं. यासाठीच सगळं, असं वाटलं. ओरडले असते, पण मास्तर बघत होते.

थांबले तेव्हा रेघेपासून बरीच डावीकडे होते. शंका होती तेच. पीळ. कड्या आणखी थोड्या डावीकडे घेतल्या.

१६ जानेवारी

पुन्हा डावीकडे. पुन्हा कड्या सरकवल्या.

१९ जानेवारी

पडले. पाय अडकला नाही, खड्डा नव्हता, सरळ पळता पळता जमीनच तिरपी झाली. गुडघा सोलला, रिंगला पोचा. मास्तर धावत आले आणि यंत्राकडे न बघता माझ्या डोळ्यांत बघत बसले. म्हणाले, डॉक्टरांना दाखवू या. खरचटल्याला डॉक्टर कशाला? आयोडीन घरात आहे.

वेल्डरकडे जाताना शटरच्या कडेला खांदा आपटला. या घराची दारं कुणी एवढी अरुंद केली कोण जाणे.

२ फेब्रुवारी

वजन सतरा किलो नऊशे. आज साजरं केलं, म्हणजे मास्तरांना बाहेर जेवायला नेलं आणि पात्याच्या टोकाबद्दल बोलत राहिले. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, तू पुन्हा गुणगुणायला लागलीस. मला कळलंही नव्हतं.

पळण्याचं म्हणाल तर अजून डावीकडेच, पण आधीपेक्षा कमी. उजाडल्यावर पळाले की कमी, अंधूक उजेडात जास्त. याचा संबंध दवाशी असावा. ओल्या पंखाचं वजन एका बाजूला जात असेल.

१० फेब्रुवारी

मास्तरांशी थोडी वादावादी. यंत्र तुळईला टांगून मी आत बसले होते आणि ते पाणसळ बघत होते. खटका पूर्ण दाबला तरी म्हणाले, बुडबुडा मधे नाही, तू उजवीकडे कललेली आहेस. मलाही कलल्यासारखं वाटलं, नाही असं नाही. पण टांगलेला माणूस आणि पळणारा माणूस यांत फरक आहे. मैदानावरच्या माझ्या पावलांचे ठसे डावीकडे जातात, हे त्यांनीही पाहिलं आहे. ठसे खोटं बोलतात का? मी जरा चढ्या आवाजात बोलले. ते म्हणाले, ठसे खरेच आहेत. आणखी काहीतरी बोलणार होते, पण पाणसळ पुसून कोपऱ्यात ठेवली आणि चहा करायला गेले.

भाऊजी सध्या टेकडीवर अडकले आहेत, हाच हंगाम. त्यांनाही फोनवर सगळं सांगितलं. म्हणाले, वहिनी, आकड्यांतलं तुम्हाला जास्त कळतं.

१८ फेब्रुवारी

रेघेवर आले. जवळजवळ. कड्या आता पहिल्या खुणेपासून चांगल्या दोन बोटं डावीकडे आहेत. नट घट्ट केले. रविवारी भाऊजी उडणार.

२१ फेब्रुवारी

भाऊजी जिवंत आहेत. घोटा मोडला आहे.

२२ फेब्रुवारी

काल याच्यापलीकडे लिहिता आलं नाही. आज क्रमाने लिहिते.

भाऊजींनी यंत्र हातात घेतल्याबरोबर विचारलं, कड्या इतक्या डावीकडे? मी सगळ्या पळण्यांची मोजमापं सांगितली. त्यांनी मान डोलावली. माझ्यावरच्या भरवशाने मान डोलावली, हे आता कळतं. जाऊ बाजूला उभी होती.

ते पळाले आणि अगदी सहज उठले. वर असताना उजवीकडे ओढतंय असं हाताने दाखवलं, पण उलटी दोरी खेचून सांभाळत होते. एक फेरी मारून उतरायला आले. जमीन दोन पुरुष खाली असताना त्यांनी इंजिन बंद केलं. पीळ गेला. मी ज्या पिळासाठी एवढं डावीकडे सरकवलं होतं तो गेला आणि उरला फक्त माझा सरकवलेपणा. ते उजवीकडे असे कलंडले की जणू कुणी टेबलाचा पाय काढला. एका पायावर उतरले. आवाज मला ऐकू आला नाही, जावेला आला.

दवाखान्यात भाऊजी मलाच समजावत होते. जाऊ मी निघताना एवढंच म्हणाली, “ताई, रागावले नाही असं मी म्हणणार नाही. पण आधी काय चुकलं ते मला समजावून सांगा. राग मग ठरवू.”

घरी येऊन हिशेबाची वही काढली.

२४ फेब्रुवारी

सगळा हिशेब पुन्हा केला. पिळासाठी लागणारं अंतर पट्टीवरच्या पहिल्या खुणेइतकंच येतं. दुसऱ्यांदा केला, तरी तेवढंच. तीन जानेवारीला भाऊजी रेघेवरून सरळ गेले होते. मग माझे ठसे डावीकडे का?

दुपारी मास्तर म्हणाले, मैदानावर चल. यंत्र गाडीत ठेवायला लागले नाहीत, तेव्हा मी विचारलं. म्हणाले, आज त्याची गरज नाही.

त्यांनी चुन्याची रेघ मारली. चित्रकलेच्या मास्तरांनी मारलेली रेघ, पट्टी न घेता सरळ. मला म्हणाले, पाठीवर काही न घेता चालून दाखव. चालले, ठीक. मग म्हणाले, डोळे मीट आणि चाल, मी आहे.

डोळे मिटून चालले. मला शपथेवर वाटत होतं मी सरळ चालते आहे. उघडले तेव्हा रेघ दूर उजवीकडे होती आणि मास्तर माझ्या डाव्या कोपराला हात लावून उभे होते.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. यंत्र घरी गॅरेजमध्ये होतं.

नवीन लागलेल्या शिकाऊ इंजिनिअरलाही हे सांगावं लागत नाही. मोजायच्या आधी मोजणारं साधन तपासायचं. मी सगळं तपासलं, पट्टी, वजनकाटा, पाणसळ. पळणारी बाई तपासली नाही.

घरी आल्यावर विचारलं, “तुम्हाला दिसत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“नोकरी सोडून आलीस त्या सुमारास. जिन्यात कठडा धरायला लागलीस. डावीकडून हाक मारली तर ऐकू यायची नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

ते बराच वेळ नखाखालचा चुना काढत होते. “दोन-तीनदा तोंडाशी आलं. पण सहा महिने तू नुसती भिंतीकडे बघत बसायचीस. आणि मग गुणगुणायला लागलीस. ते थांबेल असं वाटलं.”

“त्या गुणगुणण्यापायी भाऊजींचा पाय मोडला,” मी म्हटलं.

ते हात धुवायला उठले. माझ्या बोलण्यात खोट नव्हती, पण पुरतं खरंही नव्हतं. दहा तारखेला पाणसळ त्यांच्याच हातात होती, आणि आवाज मी चढवला होता.

१ मार्च

कानाच्या डॉक्टरीणबाई. तरुण आहेत, भरभर बोलतात, पण मी उजवा कान पुढे केल्यावर सावकाश बोलू लागल्या. डाव्या कानाला निम्म्याहूनही कमी ऐकू येतं. त्या बाजूचा तोल सांभाळणारा भाग जवळजवळ मुका झाला आहे. स्कॅनमध्ये नसेवर एक छोटी गाठ दिसली. वाईट जातीची नाही, फार सावकाश वाढते. तूर्त काही करायचं नाही, अधूनमधून स्कॅन करून लक्ष ठेवायचं. इतके दिवस मेंदू डोळ्यांच्या आधाराने चालवून घेत होता. धुकं, अंधूक उजेड, हेल्मेट, पाठीवर वजन, असं सगळं एकत्र आलं की त्याला जमत नाही.

कानातली शीळ इंजिनची नाही.

मी विचारलं, एकटीने उडणं? त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, नाही.

बाहेर आल्यावर मास्तर डावीकडे आले. मी त्यांना बाजूला केलं नाही.

७ मार्च

आठवडाभर आम्ही मोजकंच बोलतो आहोत. ते चहा आणून ठेवतात, मी पिते. आज कपाखाली कागद होता, त्यावर पेन्सिलीने काढलेलं चित्र: मी, पाठीवर रिंग, पाय जमिनीपासून वर. कधी काढलं कोण जाणे. मी ते उपडं ठेवलं. मग पुन्हा सुलटं केलं. रिंगचे जोड चुकीच्या जागी दाखवले आहेत, हे सांगायला मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे आमचं थोडंसं बोलणं झालं. ते म्हणाले, यापुढे दिसेल ते सांगेन. तुला आवडो न आवडो. मी म्हटलं, पाहू.

१४ मार्च

यंत्र मोडून टाकायचं ठरवलं. इंजिन विकता येईल, रिंग वेल्डरला परत. ज्या बाईला सरळ-तिरपं कळत नाही तिने दुसऱ्याच्या पाठीला बांधायची वस्तू करू नये, हे मला बरोबर वाटतं. भाऊजींना फोन करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वहिनी, माझा घोटा वाया घालवू नका.”

थट्टेत म्हणाले की खरंच, कळलं नाही. त्यांच्या बाबतीत दोन्ही एकच असतं.

जावेकडे गेले आणि तिने मागितलं होतं ते समजावून सांगितलं. कागदावर आकृती काढून, पीळ, कड्या, माझा कान, सगळं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, “म्हणजे यंत्र चुकलेलं नव्हतं?”

मी म्हटलं, यंत्र पहिल्या दिवशी बरोबर होतं. त्याला मी माझ्यासारखं केलं.

ती म्हणाली बरं, आणि भाऊजींच्या उशा सारख्या करायला उठली.

२९ मार्च

आज जाऊ आपणहून गॅरेजमध्ये आली. मी स्टुलावर बसून पाती पुसत होते, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. तिने यंत्र उचलून पाठीला लावलं, उड्या मारून बघितल्या, दोन फेऱ्या घातल्या. म्हणाली, हलकं आहे. तिच्या तोंडून एवढं म्हणजे खूप. मग म्हणाली, “मी उडवून बघेन. पण तुम्ही सांगता म्हणून नाही. माझ्यासमोर मोजा.”

मी म्हटलं, मोजणार मी नाही. मी फक्त नट फिरवीन.

५ एप्रिल

दिवसभर गॅरेजमध्ये. भाऊजी प्लॅस्टरचा पाय खुर्चीवर टाकून एका बाजूला, मास्तर दुसऱ्या बाजूला, मधे जाऊ तुळईला टांगलेली. दांडीवर पाणसळ, शिवाय रिंगवरून सोडलेला ओळंबा. दोघांनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकांना न सांगता कागदावर लिहायचं आणि मग कागद मला द्यायचे. जुळलं तरच पट्टी पक्की. इंजिन बंद, अर्ध्या जोरावर, पूर्ण जोरावर. मी पाना घेऊन बसले होते. एकदा मला यंत्र स्पष्ट उजवीकडे कललेलं दिसलं. जीभ चावून गप्प बसले. दोन्ही कागदांवर सरळ होतं.

सायंकाळी कड्या जिथे थांबल्या ती जागा तीन जानेवारीच्या खुणेच्या केसभर अलीकडे आहे. भाऊजी हसायला लागले. हसताना पाय दुखला म्हणून आणखी हसले. मला हसू यायला थोडा वेळ लागला.

जाऊ मैदानात रेघेवरून पळाली. चार वेळा. ठसे सरळ. आणि मी तिला यंत्राशिवायही पळायला लावलं, आधी आणि नंतर. तिने विचारलं नाही का ते.

१८ एप्रिल

हवा थांबलेली, आकाश स्वच्छ. मास्तरांनी भाऊजींची खुर्ची मैदानाच्या कडेला मांडली. मी जावेचे पट्टे तपासले. तिने मला विचारलं, ताई, भीती वाटते का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मलापण, आणि हेल्मेट घातलं.

ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. इंजिन सुरू झालं, पंख वर आला, ती पळू लागली. सतरा किलो नऊशे पाठीवर असलेली बुटकी बाई पळताना कशी दिसते ते मी महिनोन्‌महिने कागदावर पाहत होते. प्रत्यक्षात ती घाईत दुकानात निघाल्यासारखी दिसत होती. मग तिचे पाय जमिनीला लागेनासे झाले, तरी ती थोडा वेळ हवेतच पळत राहिली. भाऊजी हळूच म्हणाले, थांब आता, बस. जणू तिला ऐकू जाणार होतं. ती बसली.

मैदानावरून एक मोठी फेरी. मग, ठरल्याप्रमाणे, तिने दोन्ही हातांतल्या दोऱ्या सोडल्या आणि हात बाजूला पसरले. यंत्र आता आपल्या मनाने जात होतं. मान वर केली की मला गरगरतं. मला काही कळेना.

“सरळ जातेय ना?” मी विचारलं.

“एकदम सरळ,” खुर्चीतून भाऊजी म्हणाले. “वहिनी, जिंकलात.”

मास्तर कपाळावर हात धरून बघत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

“नाही,” ते म्हणाले. “किंचित उजवीकडे सरकतेय.”

“दादा, काहीतरीच काय,” भाऊजी म्हणाले.

“त्या विजेच्या खांबाच्या रेषेत बघ. उजवीकडेच. थोडंसं, पण आहे.”

भाऊजींनी खांबाकडे बघितलं, मग वर, मग पुन्हा खांबाकडे.

मास्तरांचा कान लाल झाला होता. मला त्या क्षणी हा माणूस फार आवडला. वाद घालावासा वाटला नाही, वाईटही वाटलं नाही. पाना कुठे ठेवला ते आठवू लागले.

तिने इंजिन जमिनीपासून उंचावरच बंद केलं. यंत्र जरासं कललं, सावरलं, आणि ती दोन पावलं चालत उतरली. हेल्मेट काढलं तेव्हा केस कपाळाला चिकटलेले आणि चेहरा धुतल्यासारखा. म्हणाली, “गिरणीचा आवाज ऐकूच येत नाही हो, वर गेल्यावर.” मग खांदे हलवून म्हणाली, “केसभर उजवीकडे ओढतंय.”

मी गुडघे टेकून दोन्ही नट सैल केले, मास्तरांनी पट्टीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारली तिथवर सरकवलं, घट्ट केलं. भाऊजींनी वाचलं, जावेने वाचलं. ती पुन्हा पळाली. या वेळी हवेत पाय हलवले नाहीत.

तिने हात सोडले तेव्हा मी पुन्हा विचारलं.

मास्तर खूप वेळ बघत राहिले, ती मैदान ओलांडून पलीकडच्या झाडांवर जाईपर्यंत. मग म्हणाले, “आता सरळ.”

मी पाना खिशात टाकला.